जंक्शनवरचं गाणं

वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला झाला. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत हे वाक्य सुरुवातीलाच येतं, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत गाव मागे पडलेलं असतं. पुढे नागपूर येतं, लाहोर येतं, मग पुणं आणि मुंबई. मूर्तिजापूरच्या एका निवृत्त संगीत शिक्षकांना ही गोष्ट अनेक वर्षं सलते आहे. त्यांची भाची पुण्यात राहून प्रायोगिक नाटकांना संगीत देते. तिला यात सलण्यासारखं काहीच दिसत नाही.

ज्येष्ठातल्या रखरखीत दुपारी दोघांचा वाद जुंपला तो यावरूनच. कापूस पिकवणाऱ्या एका घराची गोष्ट सांगणारं नाटक भाचीच्या हाती होतं. नाटकात विदर्भाची माती ऐकू आली पाहिजे, एवढीच दिग्दर्शकाची मागणी होती. माती ऐकू येते म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायला ती आजोळी आली होती. मामा सपरीत हार्मोनियम उघडून भात्याचं चामडं तपासत होते. चाळीसगाव-भुसावळकडची गाडी निघून गेल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मामा, या गावाचा म्हणून काही सूर आहे का? की आपणच जागांना सूर चिकटवतो?"

"काहून नाई?" मामा म्हणाले. शाळेत त्यांची भाषा पुस्तकी असायची, घरी मात्र वऱ्हाडीशिवाय दुसरी नाही. "वसंतराव अथी जल्मले. तेवढं पुरं नाई काय?"

"जन्मले. पण वाढले कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर मामांना पाठ होतं, आणि ते त्यांच्या बाजूचं नव्हतं. वसंतरावांना त्यांच्या आईनं नागपुरात एकटीनं वाढवलं. गाण्याची पहिली शिस्तशीर तालीम नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे झाली. लहान वयातच भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात ते कृष्ण झाले. मग स्वतःच्या मामांबरोबर लाहोरला गेले आणि तिथे असद अली खाँ यांच्याकडून त्यांनी मारवा घेतला. पंचम वर्ज्य, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि षड्जावर लवकर टेकू न देणारा हा राग पुढे आयुष्यभर त्यांच्या गळ्यात राहिला. किराना घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर, ग्वाल्हेरची तालीम लाभलेले रामकृष्णबुवा वझे, अशा अनेकांकडून त्यांनी घेतलं. आणि या सगळ्यांवर मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा ठसा. मुलकी नोकरी पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात, सुमारे चोवीस वर्षं. तुमचं घराणं कोणतं, असं कोणी विचारलं तर ते माझ्यापासूनच सुरू होतं, या अर्थाचं उत्तर ते देत, हे मराठी रसिकांना ठाऊक आहे.

"यात मूर्तिजापूर कुठे आहे?" भाचीनं विचारलं. "नागपूरनं तरी सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. तो हक्क त्यांचा आहे, कारण तिथे ते शिकले."

मामांनी भाता बाजूला ठेवला. "त्याईचं गानं आयकलं का तू धड? तान घेतात तर इचारून नाई घेत. सरळ उडी मारतात. थो बेधडकपना नागपूरच्या शायेत शिकवत नाई कोनी. थो आपल्या मानसाचा हाय. पुन्याच्या मानसाले तशी उडी मारताच येत नाई."

"म्हणजे बेधडक गायला की वऱ्हाडी आणि जपून गायला की पुणेरी? मग दीनानाथ मंगेशकर तर गोव्यातल्या मंगेशीचे. आणि वसंतरावांची ती उडी दीनानाथांच्या गाण्यातून आली, असं सगळेच सांगतात."

इथे भाचीचं म्हणणं मान्य करावंच लागतं. गावाचा स्वभाव गायकाच्या तानेत शोधणं मोहाचं असतं, आणि त्याला पुरावा कधीच लागत नाही. उलट 'कट्यार काळजात घुसली'मधल्या खाँसाहेबांकडे पाहावं. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी मूळचे गोव्याचे, आणि १९६७ साली रंगमंचावर उभे राहिलेले खाँसाहेब, म्हणजे वसंतराव, जन्मानं मूर्तिजापूरचे. त्यांच्या गळ्यातली पंजाबी अंगाची हरकत लाहोरच्या दिवसांची होती. नाटकातली अख्खी लढाईच मुळी घराण्यांची आहे. गायकी कुणाकडून आली, यावर तिथे जीव जातो. ती कुठल्या गावातून आली, असं कुणी विचारत नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ पक्का होता.

"बरं, गावानं सूर नाई देल्ला, असं धरून चालू. पन सूर गावात आनला कोनं? सांग."

आणि ते रेल्वेवर आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. त्याच्या आधीची काही वर्षं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा इथे सरकी काढणारी जिनं आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून दोन अरुंद फाटे निघाले, एक अचलपूरकडे सुमारे ७६ किलोमीटर आणि एक यवतमाळकडे सुमारे ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं उभारलेली हीच ती शकुंतला. आतल्या भागातला कापूस मुख्य मार्गावर आणून टाकणं हे तिचं काम.

कापसाच्या मागून पैसा आला आणि पैशाच्या मागून नाटक कंपन्या. वऱ्हाडचा दौरा म्हणजे चांगलं उत्पन्न, हे त्या काळच्या प्रत्येक मालकाला कळत होतं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे वकील गाण्या-नाटकांचे मोठे आश्रयदाते होते. पडदे, ट्रंका, पेट्या, तबले आणि अख्खं बिऱ्हाड आगगाडीनं यायचं, एका मुक्कामी राहायचं आणि पुढच्या स्टेशनावर उतरायचं. गावातल्या ज्या पोराला तिकीट परवडत नव्हतं, तोही तंबूच्या बाहेर उभा राहून पदं ऐकायचा आणि सकाळी विहिरीवर तीच म्हणायचा.

"म्हंजे पाय," मामा म्हणाले, "हे गाव म्हंजे जंक्शन. अथी गानं उगवत नसंन, पन उतरत होतं. आन जे उतरते थे कोनाच्या तरी कानात रायते."

"हे मला पटतं," भाची म्हणाली. "पण मग तुम्ही मातीबद्दल बोलतच नाही आहात. वाहतुकीबद्दल बोलताय."

"वाहतूक मातीवरूनच होते नं!"

दोघंही खुलून बोलू लागले होते, आणि मामांनी स्वतःची आठवण पुढे केली. पोरवयात ते शकुंतलेनं अचलपूरला भजनाच्या कार्यक्रमाला जात. मांडीवर पेटी, शेजारी मृदंगवाला. तेव्हा गाडीला वाफेचं इंजिन होतं. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं ते इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेलचं आलं, आणि आता ती गाडीच धावत नाही. अचलपूर गाठायला चार तास लागत. मामांचं ठाम म्हणणं असं की त्यांना लय समजली ती या गाडीत. रुळांच्या सांध्यांवर चाकांच्या जोड्या पडत तेव्हा भजनी ठेका आपोआप वाजत असे, आठ मात्रांचा, शेवटी किंचित ओढलेला.

भाचीनं हे सगळं मन लावून ऐकलं. मग ती म्हणाली, "चाकं जोडीजोडीनं पडतात, म्हणून ठक्-ठक्, ठक्-ठक् असं ऐकू येतं. त्यावर केरवा बसतो, भजनी बसतो, दादरासुद्धा ओढून बसवता येतो. तुम्हाला भजनी ऐकू आला, कारण तुम्ही भजनाला निघाला होता. शेजारी मृदंगवाला बसला होता. गाडीनं ठेका शिकवला नाही मामा, ठेका तुमच्यात आधीच होता."

मामांना हे झोंबलं. पण भाचीला त्यांची आठवण खोटी ठरवायची नव्हती. तिला आठवणींच्या घडणीबद्दल बोलायचं होतं. संगीतकार मागे वळून सांगतो की अमुक नदी पाहिली आणि चाल सुचली, तेव्हा नदी आणि चाल यांच्यामधली सगळी मेहनत त्या सांगण्यातून गळून जाते. तिनं जर्मन संगीतकार मेंडेलसोन यांचं उदाहरण दिलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्टाफा नावाचं बेट आहे, तिथे समुद्रानं कोरलेली फिंगलची गुहा. या गुहेच्या नावानं ओळखली जाणारी त्यांची रचना जगभर वाजते, आणि ऐकणाऱ्याला लाटा गुहेत शिरताना दिसतात. पण तिचे सुरुवातीचे सूर मेंडेलसोननी घरच्या पत्रात लिहिले ते ७ ऑगस्ट १८२९ रोजी, गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशी.

"मंग त्याले समुद्र दिसला नसंन काय आदल्या दिवशी?" मामांनी लगेच विचारलं.

प्रश्न रास्त होता. बेटांचा किनारा त्यांना दिसला होताच. गुहा नसली तरी समुद्र होता, गार वारा होता. भाचीनं ते मान्य केलं आणि तरीही आपला मुद्दा सोडला नाही. जागा असते, पण सांगताना आपण जागा बदलतो. पत्रातला किनारा मागे राहिला आणि नाव गुहेला मिळालं.

मग तिनं घरचं उदाहरण घेतलं, 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिणारे संगीतकार सी. रामचंद्र यांचं. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गोदावरीकाठचं पुणतांबे. नागपुरात सप्रे गुरुजींकडे वसंतराव आणि ते बरोबरीनं शिकले. एकच गुरू, एकच शहर, वयात दोनेक वर्षांचं अंतर. त्यातला एक मारव्याकडे गेला आणि दुसरा १९५१ च्या 'अलबेला'कडे. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, नाइट क्लबातलं जाझ घेऊन आले होते. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे वादक, पंजाबचे तबलजी आणि पुणतांब्याचा संगीतकार एकत्र बसले आणि त्यातून लॅटिन अमेरिकेच्या ठेक्यावर हिंदी गाणी निघाली. त्याच चित्रपटात एक अंगाईही आहे, आणि ती तितकीच अस्सल वाटते. दोन वर्षांनी त्यांनीच 'अनारकली' केला, मुघली दरबाराचा.

"सांगा," भाची म्हणाली, "अलबेला कोणत्या गावाचा? रामचंद्रांनी ब्राझील पाहिलं नव्हतं. कोइमतूरच्या निर्मात्यांसाठी 'आझाद'ची गाणी त्यांनी अगदी थोड्या दिवसांत बांधली, गावाकडे जाऊन ध्यान लावायला वेळच नव्हता. त्यांना माणसं भेटली. वाजवणारी माणसं. मी म्हणते ते एवढंच आहे. जागा म्हणजे शेवटी तिथे तुम्हाला कोण वाजवून दाखवतं ते."

मामांनी विचार केला. "मंग कुमारजी?"

या वादात कुमार गंधर्वांचं नाव येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेले, पंचविशीच्या आतच देशभर गाजलेले. क्षयानं गाठलं आणि कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते माळव्यातल्या देवासला आले. गायला बंदी. पाच-सहा वर्षं बहुतेक अंथरुणावर गेली. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत शिकवून घर चालवलं आणि शुश्रूषा केली. खिडकीबाहेरून बाजाराला, जत्रेला जाणाऱ्या बायका गात जात. दारावर येणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत. कुमारजींनी ती गाणी टिपून घेतली, त्यांची स्वरलिपी केली, आणि त्यांतून त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला की रागाचं बीज लोकधुनेत असतं. स्ट्रेप्टोमायसिननं आजार आटोक्यात आला आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत उतरले, तेव्हा गाणं बदललेलं होतं. एक फुप्फुस निकामी झाल्यानं श्वास तोकडा, त्यामुळे स्वरवाक्यं लहान आणि तीरासारखी. माळव्याच्या धुनांतून उगम पावलेले मालवती, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी असे राग त्यांनी बांधले. 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ साली आलं.

"कुमारजी मुंबईतच रायले असते," मामा म्हणाले, "तर हे झालं असतं काय? नसतं झालं. देवासनं केलं थे. त्या खिडकीनं केलं."

"देवासमध्ये हजारो माणसं तीच गाणी रोज ऐकत होती. त्यांतल्या कुणालाही मालवती सुचला नाही. देवधरांची तालीम होती म्हणून त्यांना ऐकू आलं. ऐकू येण्याची तयारी मुंबईतून आली."

"तयारी मुंबईतून आली, पन आयकाले भेटलं कुठी?"

भाची पहिल्यांदाच अडली. मामांची बाजू इथे खरोखर भारी आहे. कुमारजींचा आजार बाजूला काढला आणि सक्तीचं मौन बाजूला काढलं, तर तयार कान तसाच राहिला असता आणि त्याच्यासमोर मैफलींचा तोच परिचित व्यवहार चालू राहिला असता. तयारीला ऐकायला फुरसत लागते आणि ऐकवणारं कुणी लागतं. ते देवासच्या त्या घरात एकत्र आलं. संगीतकार सलील चौधरींचंही तसंच. ते आसामच्या चहामळ्यांत वाढले, वडील तिथे डॉक्टर. घरात पाश्चात्त्य सिंफनींच्या तबकड्या आणि घराबाहेर मजुरांची गाणी. चौधरींच्या चालीत दोन्ही एकमेकांत गुंतलेली सापडतात. चहामळा नुसता हिरवा असून उपयोग नव्हता. तबकडीही होती आणि गाणारे मजूरही होते.

मग भाचीनं आपली खरी अडचण सांगितली. तिला माती नको होती असं नाही, मातीच्या नावानं जे वाजवलं जातं ते नको होतं. मराठी चित्रपटानं गाव म्हणून जे ऐकवलं ते बहुतेक पश्चिम महाराष्ट्राचं. ढोलकी, तुणतुणं, हलगी आणि तमाशाचा फड. 'पिंजरा' १९७२ सालचा, राम कदमांचं संगीत अप्रतिम, पण त्यानंतर पडद्यावर शेत दिसलं की ढोलकी कडाडलीच पाहिजे, असा रिवाज पडला. गोष्ट यवतमाळच्या शेतकऱ्याची असली तरी वाद्यं फडावरचीच. याच्या उलट 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डोंगरातल्या ठाकरांची गोष्ट, १९७७ चा चित्रपट. गीतं ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. त्यात ठाकरांच्या नाचाची घुमती लय आहे, आणि ती सजावटीला वापरलेली नाही, गोष्टच तिच्यावर चालते.

"दिग्दर्शकाला विदर्भ हवाय," ती म्हणाली, "आणि मी वाद्यांच्या यादीत काय लिहू तेच मला कळत नाही. खंजिरी लिहिली की तुकडोजी महाराज आठवतात, आणि ते भजन होतं. माझ्या नाटकात भजन नाही, कर्ज आहे."

मामा हसले नाहीत. त्यांनी पेटी मिटली आणि हाताच्या बोटांवर सांगायला सुरुवात केली. तुकडोजी महाराजांची खंजिरी ही कर्जाचीच होती, असं ते म्हणाले. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या या माणसानं मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव फिरून शेती, सफाई, व्यसन, सावकारी यांच्यावरच भजनं केली, आणि ग्रामगीतेत तेच लिहिलं. गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. त्यांचं कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्न. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, असं ते विचारत आणि उत्तर हजारोंच्या तोंडून काढून घेत. मध्येच धून सुरू होई, सगळा समाज ती उचले, आणि पुन्हा प्रश्न. १९५६ साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांतलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे.

"तुह्या दिग्दर्शकाले सांग, हे संगीतच हाय," मामा म्हणाले. "एक मानूस इचारते, गाव उत्तर देते. वाद्यच नाई लागत."

भाची ताठ बसली. हा रचनेचा मुद्दा होता, वाद्यांच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगाचा. एकट्या आवाजानं मुक्त लयीत मांडायचं आणि समूहानं ठोक उत्तर द्यायचं.

"असं अजून काय आहे?"

होतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत. टाळ्यांवर चालणारी, तीन-चार सुरांत फिरणारी गाणी, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ. मामांना बहिणींकडून ऐकलेली ती अजून येत होती. शिवरात्रीला सालबर्डीच्या, पचमढीच्या महादेवाला निघालेल्या लोकांची चढण चढताना म्हणायची गाणी, ज्यांत ओळ कुठे तोडायची हे दम ठरवतो. यवतमाळकडच्या कोलामांची दंडार. आणि पोळ्याच्या झडत्या.

झडती म्हणजे श्रावण अमावास्येला, बैल तोरणाखाली उभे असताना, एकानं उंच पट्टीत म्हटलेलं कवन. वाद्य नाही, ठेका नाही. पहिल्या ओळीला तो स्वर धरतो आणि बोलण्याच्या व गाण्याच्या मधोमध चालत राहतो. शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात. विषय देव-पार्वतीपासून सुरू होतो आणि बघता बघता सावकार, सरकार, कापसाचा भाव, गावचा पुढारी यांच्यावर येतो. समोरचा गट दुसऱ्या झडतीनं उत्तर देतो. कवन रचणारा बहुतेक वेळा शेतावरचा माणूस असतो, आणि यंदाचं कवन यंदाच्या हंगामावर असतं.

मामांनी एक झडती म्हणून दाखवली. साठी कधीच ओलांडलेल्या गळ्यातून स्वर सरळ वर गेला आणि तिथेच थांबला.

भाचीनं फोन पुढे केला. "पुन्हा म्हणा ना. मी रेकॉर्ड करते. नाटकाची सुरुवात हीच. एकही वाद्य नाही. अंधारात एक आवाज, आणि प्रेक्षकांमध्ये बसलेले नट गजर करतील."

"नाई."

"का?"

"ही पोळ्याची हाय. बैल समोर उभे असतात तव्हा म्हंतात. थेटरात कुठी बैल हायेत?"

"कुमारजींनी तरी धुना माळव्याच्या वाटेवरून उचलून रागात नेल्याच ना? तेव्हा तुम्ही देवासच्या खिडकीची बाजू घेत होता. आता मी नेते म्हटल्यावर नाही?"

"कुमारजी तथी पाच वर्सं पडून आयकत होते, व बाई. तू कालच्या गाडीनं आली."

हा घाव बरोबर बसला. भाचीनं फोन खाली ठेवला, पण वाद सोडला नाही. पाच वर्षं आजारी पडल्याशिवाय कुणाला गावाचं गाणं वापरता येणार नसेल, तर ते गाणं आपोआप संपेल, असं ती म्हणाली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. तोरणाखाली उभं राहायला बैलच नसले की झडती कुठे म्हणणार? नाटकात गेली तर निदान दुसऱ्या एखाद्या पोराच्या कानावर पडेल, जशी एकेकाळी तंबूबाहेर उभ्या असलेल्या पोरांच्या कानावर नाटकाची पदं पडली. गाणं इथे उतरत होतं असं तुम्हीच म्हणालात, मग ते इथून चढू नये का?

मामांना यावर लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांचा मूळ सल आठवा. वसंतराव या गावातून गेले आणि गावाचं काही त्यांच्याबरोबर गेलं नाही, हीच ना ती तक्रार? आज गावाचं काहीतरी बाहेर न्यायला घरातलीच मुलगी आली होती, आणि आडवे तेच येत होते. हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. तरी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. झडतीची चाल उचलता येते, पण तिच्यातला यंदाचा हंगाम उचलता येत नाही. मामांनी म्हटलेली झडती त्यांच्या तरुणपणच्या कापसाच्या भावावर होती. भाचीच्या नाटकातलं कर्ज आजचं होतं. जुनी झडती रंगमंचावर ठेवली असती तर तीही फडावरच्या ढोलकीसारखी शोभेची झाली असती, आणि भाचीला नेमकं तेच टाळायचं होतं.

"ऱ्हावून जाय पोळ्यालोक," मामा म्हणाले. "नाई तर पोळ्याले परत ये. मी तुले घेऊन जातो. जे म्हंतात त्याईच्याजवळ बस. त्याईले सांग नाटकाचं. नवी करून देतीन थे, तुह्या कर्जावर. मंग ने."

"पण नाटक आषाढात आहे."

"मंग पुढं ढकल."

"तारखा घेतल्यात मामा, नाट्यगृहाचे पैसे भरलेत."

"किती भरले?"

भाचीनं आकडा सांगितला. मामांनी पेटी पुन्हा उघडली, पण वाजवली नाही. नाटक दिवाळीनंतर करायचं तर नट कोणते मोकळे असतील, पहिल्या प्रयोगाचे पैसे दुसऱ्या तारखेला वळवता येतील का, आणि झडती रचणाऱ्याला मानधन काय द्यायचं, यावर दोघं संध्याकाळपर्यंत हिशेब करत बसले. रचणाऱ्याचं नाव जाहिरातीत संगीतकाराच्या बरोबरीनं छापायचं, ही मामांची अट होती. भाचीनं ती लगेच मान्य केली आणि दिग्दर्शकाला फोन लावला.